क्ले पिजन शूटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्ले पिजन म्हणजे मातीचं कबूतर का?

ना माती, ना कबूतर. ती एक काळसर, घुमटाकार तबकडी असते; मशीन ती हवेत फेकतं आणि नेमबाज शॉटगनने, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीने, ती उडतानाच फोडतो. डांबराच्या जातीची पिच आणि चुनखडीची पूड तापवून, साच्यात दाबून ती बनवतात. वरून भगवा, पिवळा किंवा पांढरा रंग दिलेला असतो. प्रमाण तबकडीचा व्यास ११० मिमी, उंची साधारण २५ मिमी आणि वजन १०५ ग्रॅम. मशीनच्या हाताचा फटका सोसण्याइतकी ती टणक हवी आणि दोन-तीन छर्रे लागताच फुटण्याइतकी ठिसूळही हवी. या दोन्ही गोष्टी एकदम साधणं सोपं नसतं, म्हणून हलक्या मालात कधी मशीनमधूनच तुकडे बाहेर पडतात, तर कधी छर्ऱ्यांनी भोक पडूनही तबकडी साबूत उडत राहते.

एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये पेट्या ठेवल्या तर तबकड्या मऊ पडून एकमेकींना चिकटतात. मग मशीन दोन एकदम उचलतं किंवा अडकतं. पेट्या सावलीत ठेवा, आडव्या टाकू नका. फुटलेले तुकडे गोळा करा, कारण कोळशाच्या डांबरापासून केलेल्या तबकड्यांचे तुकडे खाऊन डुकरांना विषबाधा होते.

मग कबुतराचा संबंध कुठून आला?

इंग्लंडमध्ये पिंजऱ्यातून जिवंत कबुतरं सोडून त्यांच्यावर बार टाकत. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळीही जिवंत कबुतरांवरची स्पर्धा झाली होती. मधल्या काळात काचेचे पोकळ गोळे वापरून पाहिले, पण काचांचा खच पडे. १८८० च्या सुमारास अमेरिकेत सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्की यांनी चपटी, फिरत जाणारी तबकडी आणली आणि प्रश्न सुटला. तबकडी सोडण्यासाठी नेमबाज देतो ती ‘पुल’ (ओढ) ही हाक पिंजऱ्याची दोरी ओढण्याच्या काळातली. आता नेमबाजाच्या पुढ्यात मायक्रोफोन असतो आणि आवाज झाला की मशीन आपोआप सुटतं. हाक कोणत्याही शब्दात द्या, फक्त ती ठाम आणि दर वेळी एकसारखी हवी.

ट्रॅपमध्ये नेमकं काय होतं?

ट्रॅप हा या खेळाचा एक प्रकार. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये एका ओळीत पाच स्टेशनं, म्हणजे उभं राहायच्या जागा, असतात. त्यांच्यापुढे १५ मीटरवर जमिनीखाली एक खंदक आणि त्यात १५ मशीनं, म्हणजे प्रत्येक स्टेशनासमोर तीन. हाक दिली की तिघांपैकी एक सुटतं. कोणतं, ते आधी कळत नाही. तबकडी डावीकडे किंवा उजवीकडे ४५ अंशांपर्यंत वळून तुमच्यापासून लांब जाते. खंदकाच्या १० मीटर पुढे तिची उंची दीड ते साडेतीन मीटर असते आणि ती ७६ मीटरपर्यंत जाईल अशी मशीन लावलेली असते. सुटताना वेग ताशी १०० किमीच्या आसपास. एका तबकडीवर दोन बार टाकता येतात. पहिला बार पाऊण सेकंदाच्या आत गेला नाही तर तबकडी फार लांब गेलेली असते.

एक फेरी २५ तबकड्यांची: १० डाव्या, १० उजव्या, ५ सरळ. क्रम वेगळा असला तरी वाटणी सगळ्यांना सारखीच. सहा जणांचा गट असतो, सहावा मागे थांबतो आणि प्रत्येक तबकडीनंतर नेमबाज एक स्टेशन उजवीकडे सरकतो. पात्रता फेरीत अशा १२५ तबकड्या असतात.

आणि स्कीट?

स्कीटमध्ये तबकडीचा मार्ग आधीच ठाऊक असतो. दोन बाजूंना दोन घरं. डावीकडच्या उंच घरातून ती ३.०५ मीटर उंचीवरून आणि उजवीकडच्या बुटक्या घरातून १.०५ मीटरवरून निघते. दोन्ही मार्ग मधल्या एका ठरलेल्या बिंदूवरून, जमिनीपासून ४.५७ मीटर उंचीवर जातात. सात स्टेशनं अर्धवर्तुळावर आणि आठवं दोन घरांच्या बरोबर मध्ये. तिथे तबकडी जवळजवळ डोक्यावरून जाते, विचार करायला वेळच नसतो. एका तबकडीवर एकच बार. काही स्टेशनांवर दोन्ही घरांतून एकदम दोन तबकड्या सुटतात.

ऑलिंपिक स्कीटची खरी अडचण वेगळीच आहे. हाक देताना बंदुकीचा दस्ता कमरेजवळ, जॅकेटवर शिवलेल्या पिवळ्या पट्टीला टेकलेला हवा. त्यात हाक दिल्यावर तबकडी लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत केव्हाही. आधीच बंदूक उचलली की पंच ताकीद देतो. त्यामुळे स्कीटचा निम्मा सराव बार न टाकता फक्त बंदूक खांद्याला लावण्याचा असतो.

स्पोर्टिंग म्हणतात ते कुठलं?

ते ऑलिंपिकमध्ये नाही, पण ब्रिटन-अमेरिकेत हौशी लोक सर्वाधिक तेच खेळतात. झाडीतून, टेकडीवरून, चढावरून वेगवेगळ्या कोनांत तबकड्या सुटतात. त्यांचे प्रकारही निराळे: ९० मिमीची मिडी, ६० मिमीची मिनी, चपटी बट्टू आणि जमिनीवरून घरंगळत जाणारी ‘रॅबिट’. मिनी लहान असल्याने जास्त वेगात आहे असं वाटतं आणि नवखा माणूस हमखास तिच्या फार पुढे मारतो.

राज्यवर्धन राठोडांनी पदक जिंकलं तो प्रकार आता दिसत नाही, असं का?

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधलं त्यांचं रौप्य डबल ट्रॅपमधलं होतं, म्हणजे दोन तबकड्या एकदम, दोन बार. स्वतंत्र भारतासाठी वैयक्तिक स्पर्धेतलं ते पहिलं ऑलिंपिक रौप्य. महिलांचं डबल ट्रॅप त्याच अथेन्सनंतर बंद झालं आणि पुरुषांचं २०१६ च्या रिओनंतर. टोकियोत त्याऐवजी मिश्र सांघिक ट्रॅप आलं आणि पॅरिसमध्ये मिश्र सांघिक स्कीट, ज्यात महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरूका चौथे आले.

डबल ट्रॅप जाण्याने भारताचं नुकसान झालं, हे स्पष्ट म्हणायला हवं. रंजन सोढी, २०१८ चा विश्वविजेता अंकुर मित्तल, राष्ट्रकुलात सुवर्ण मिळवणारी श्रेयसी सिंग, ही फळी त्याच प्रकारात घडली होती. ट्रॅपमध्ये आपली परंपरा त्याहून जुनी आहे. बिकानेरचे कर्णी सिंग १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत दुसरे आले होते आणि मानवजित सिंग संधू २००६ चा विश्वविजेता.

मी एअर रायफल मारतो. इथे उपयोग होईल का?

शिस्तीचा होईल, नेमाचा नाही. उलट सुरुवातीला त्रासच होईल. रायफलमध्ये श्वास रोखून, माशी (नळीवरची नेम धरायची खूण) आणि लक्ष्य जुळवून, चाप हळूच दाबायचा. शॉटगनला मागची माशीच नसते, मागची माशी म्हणजे तुमचा डोळा. नजर पूर्ण वेळ तबकडीवर ठेवायची, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि बंदूक फिरती असतानाच चाप ओढायचा. झेल घेताना आपण हाताकडे बघत नाही, तसं नळीकडे बघायचं नाही. नळीवर नजर गेली की बंदूक थांबते. बंदूक थांबली की बार तबकडीच्या मागे जातो. चुकलेल्या तबकड्यांपैकी बहुतेक मागेच चुकतात.

तबकडीच्या किती पुढे मारायचं?

हिशेब करून पाहू. छर्रे नळीतून सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने निघतात, पण हलके असल्याने झपाट्याने मंदावतात. ३० मीटर जायला त्यांना जवळपास एक दशांश सेकंद लागतो. आडवी जाणारी तबकडी ताशी ७२ किमीने, म्हणजे सेकंदाला २० मीटर जात असेल, तर तेवढ्यात ती २ मीटर पुढे गेलेली असते. २० मीटरवर हेच अंतर सव्वा मीटरच्या घरात येतं. तबकडी तुमच्यापासून सरळ लांब जात असेल तर जवळजवळ शून्य.

हे आकडे रेंजवर डोक्यात मोजत बसू नका. शिकायच्या तीन पद्धती आहेत. एकीत तबकडीच्या मागून सुरुवात करून तिला ओलांडताना चाप ओढायचा. दुसरीत तिच्यावर येऊन मग पुढे सरकायचं. तिसरीत सुरुवातीपासून ठरावीक अंतर पुढे राहायचं. नवशिक्याला पहिली सोपी, कारण तबकडीचा वेग बंदुकीत आपोआप उतरतो. स्कीटमध्ये बरेच जण तिसरीकडे वळतात. कोणतीही घ्या, बार झाल्यावरही बंदूक फिरत राहिली पाहिजे.

कोणता डोळा प्रबळ आहे, हे कसं ओळखायचं?

दोन्ही हात लांब करून पंज्यांमध्ये छोटी खिडकी करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून लांबचा विजेचा खांब पाहा. आता खांब न सोडता हात चेहऱ्याकडे आणा. खिडकी ज्या डोळ्यापाशी येईल तो प्रबळ. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल, तर बार सतत डावीकडे जातो आणि कारण लक्षात येत नाही. अगदीच नवे असाल तर डाव्या खांद्यावरून शिका. काही आठवडे अवघडल्यासारखं होईल, पुढे त्रास नाही. जुनी सवय मोडणार नसेल तर चष्म्याच्या डाव्या काचेवर, बाहुलीसमोर, नखाएवढी अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावा. पूर्ण डोळा मिटला तर अंतराचा आणि वेगाचा अंदाज बिघडतो.

बंदूक ‘बसते’ म्हणजे काय?

रिकामी बंदूक हातात घ्या, डोळे मिटून खांद्याला लावा आणि मग उघडा. नळीवरची पट्टी सरळ, चपटी दिसली आणि माशी मधोमध आली तर बंदूक तुमच्या मापाची. पट्टी डाव्या-उजव्या बाजूने दिसली तर दस्त्याचा वळ चुकीचा. माशीच दिसली नाही तर दस्ता फार खाली. ट्रॅपची बंदूक मात्र मुद्दाम किंचित वर मारणारी ठेवतात, कारण तबकडी चढत असते.

दस्ता आधी गालाला, मग खांद्याला. डोकं बंदुकीकडे न्यायचं नाही, बंदूक गालापर्यंत आणायची. तबकडी फुटली का ते बघायला डोकं उचलायची सवय सर्वांत महाग पडते. डोळा ते माशी अंतर सुमारे एक मीटर. गाल एक सेंटिमीटर उचलला तर ३५ मीटरवर बार ३५ सेंटिमीटर वर जातो. तबकडी सगळी मिळून ११ सेंटिमीटरची!

आजोबांची जुनी दुनळी घरात आहे. ती चालेल का?

हा प्रश्न गावाकडून नेहमी येतो. आधी परवाना वारसाच्या नावावर रीतसर झालेला आहे का ते पाहा. नसेल तर बंदुकीला हात लावण्याआधी ते काम. मग जाणकार बंदूक कारागिराकडे नेऊन तपासा. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली असण्याची शक्यता आहे. आजच्या काडतुसांसाठी ती वापरू नका.

दुसरा धोका न दिसणारा आहे. जुन्या बंदुकीचा काडतूसघर बऱ्याचदा ६५ मिमीचा असतो. हल्लीच्या ७० मिमी काडतुसाची ती लांबी बार झाल्यावर तोंड उलगडलेल्या अवस्थेतली. न उडवलेलं काडतूस आखूड असल्याने ६५ मिमीच्या घरात मुकाट्याने बसतं. उडाल्यावर मात्र तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. काडतूस आत बसलं म्हणजे ते चालतं, असं समजू नका.

एवढं सगळं ठीक असलं तरी खेळासाठी शेजारी-शेजारी नळ्यांची हलकी बंदूक सोयीची नाही, धक्का जास्त लागतो. स्पर्धेत वर-खाली नळ्यांची १२ बोअर वापरतात (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक), वजन साडेतीन किलोच्या पुढे. नळ्या स्कीटसाठी २८ ते ३० इंच, ट्रॅपसाठी ३० ते ३२.

काडतूस कोणतं?

आंतरराष्ट्रीय नियमानुसार २४ ग्रॅम छर्रे, क्लबच्या खेळात २८ ग्रॅमही चालतात. ट्रॅपसाठी साडेसात नंबरचे, २.४ मिमी जाडीचे छर्रे, २४ ग्रॅममध्ये साधारण ३००. स्कीटमध्ये तबकडी जवळ असते म्हणून नऊ नंबरचे, २ मिमीचे, पाचशेच्या आसपास. पीक संरक्षणाच्या परवान्यावर मिळणारी जाड छर्ऱ्यांची काडतुसं इथे चालत नाहीत. त्यांत छर्रे थोडे असतात, तबकडी मधल्या फटीतून निसटते आणि छर्रे सुरक्षित पट्ट्याबाहेर जातात.

चोक म्हणजे काय, आणि किती ठेवायचा?

नळीच्या तोंडाशी दिलेली आवळ. फुल चोकमध्ये नळी सुमारे १ मिमीने अरुंद होते, हाफमध्ये अर्ध्या मिमीने, क्वार्टरमध्ये पाव मिमीने. ३६ मीटरवर ७५ सेंटिमीटरच्या वर्तुळात फुल चोक सुमारे ७० टक्के छर्रे टाकतो, हाफ ६० आणि बिनचोकाची नळी ४०. स्कीटला मोकळा चोक, ट्रॅपला पहिल्या बाराला हाफच्या पुढचा आणि दुसऱ्याला फुल. शिकताना क्वार्टर लावा आणि वर्षभर विसरून जा. चोक बदलत बसणारे लोक बहुधा बंदूक थांबवणारे असतात.

धोका कितपत?

नियम पाळले तर हा खेळ सुरक्षित आहे. स्टेशनावर उभं राहून आपली पाळी येईपर्यंत बंदूक रिकामी आणि उघडलेली. नळीचं तोंड कायम मैदानाकडे. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण सगळ्यांनाच हवं, बघायला आलेल्यांनाही, कारण तुकडे मागेही येतात.

तीन प्रसंग नीट लक्षात ठेवा. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी मैदानाकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग उघडा. बार उशिरा होऊ शकतो. बाराऐवजी ‘फुस्स’ असा दबका आवाज आला, तर दुसरा बार टाकू नका. दोन्ही काडतुसं काढा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा, आत काडतुसातला डाट (बूच) अडकलेला असू शकतो. तिसरा सर्वांत घातक: २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकतं. बंदूक रिकामी दिसते, माणूस मागून १२ बोअरचं काडतूस भरतो आणि नळी फुटते. म्हणूनच २० बोअरची काडतुसं पिवळी करतात. दोन्ही बोअरची काडतुसं एका खिशात कधीही नकोत.

खांदा काळानिळा होतो. हे असंच असतं का?

नाही. डाग दंडावर पडत असेल तर दस्ता खांद्याच्या खळग्याऐवजी बाहेर बसतोय. गालाला लागत असेल तर गाल दस्त्यावर घट्ट टेकलेला नाही किंवा दस्ता आखूड आहे. पाय फार फाकवून मागे रेलणं हेही कारण असतं. वजन थोडं पुढच्या पायावर ठेवा.

पंच ‘लॉस्ट’ (नेम चुकला) म्हणाला, पण पूड उडालेली मी पाहिली!

पूड पुरत नाही. तबकडीचा निदान एक तुकडा निघालेला पंचाला दिसला पाहिजे. मशीनमधूनच फुटून निघाली तर ती ‘नो टार्गेट’, पुन्हा मिळते, मग तुम्ही तिच्यावर बार टाकलेला असो वा नसो.

वाऱ्याचा परिणाम छर्ऱ्यांवर होतो की तबकडीवर?

मुख्यतः तबकडीवर. समोरून वारा आला की ती वर उचलली जाते, पाठीमागून आला की दबते आणि लवकर खाली येते. वाऱ्याच्या दिवशी आपल्या पाळीआधी पुढच्यांच्या चार-पाच तबकड्या नुसत्या बघा.

महाराष्ट्रात हा खेळ इतका कमी का?

जागेमुळे. १० मीटर एअर रायफलची रेंज शाळेच्या सभागृहात मावते. इथे छर्रे पडण्यासाठी पुढे साधारण २७५ मीटर मोकळी जमीन लागते. ९० अंशांचा पंखा धरला तरी कागदावर १५ एकर होतात आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच. पुण्या-मुंबईजवळ ती कुठून आणायची? त्यामुळे अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसळे ही आपली मोठी नावं रायफल-पिस्तुलातली आहेत. शॉटगनचे नेमबाज दिल्लीतल्या तुघलकाबादची कर्णी सिंग रेंज, पतियाळा, जयपूर इथे जातात. गंमत अशी, की नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये उभी राहिली ती एका मराठी माणसाच्या, लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर यांच्या पुढाकाराने आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे.

परवाना लागतो का?

शॉटगनला लागतोच. शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू होतात. जिल्ह्यात जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त परवाना देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, खेळाडूंना वेगळी सवलत आहे. व्यवहारात क्रम असा ठेवा: आधी मान्यताप्राप्त क्लबचं सदस्यत्व, क्लबच्या बंदुकीवर देखरेखीखाली शिकणं, मग राज्य संघटनेमार्फत स्पर्धा आणि शेवटी स्वतःची बंदूक. मित्राच्या परवान्याची बंदूक शेतात नेऊन मडक्यांवर मारणं हा सराव नाही, गुन्हा आहे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचं काम सोपं. पोलिसांनी मान्य केलेल्या ठिकाणी आणि वेळी कृत्रिम लक्ष्यावर मारायला स्वतःचं प्रमाणपत्र लागत नाही, त्यामुळे प्रशिक्षकाबरोबर तासभर खेळून पाहता येतं.

खर्चाचा अंदाज कसा बांधायचा?

दर सतत बदलतात, म्हणून नग मोजा. ट्रॅपच्या एका फेरीला २५ तबकड्या आणि २५ ते ५० काडतुसं. १२५ च्या स्पर्धेला जास्तीत जास्त २५०, म्हणजे दहा खोकी आणि सहा किलो शिसं. स्कीटला १२५ तबकड्यांना १२५ काडतुसं. क्लबमधला काडतुसाचा आजचा भाव विचारून गुणाकार करा. बंदूक एकदाच घ्यावी लागते, काडतुसं दर आठवड्याला.

घरी काय सराव करता येईल?

परवान्याची बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. पेनासारखा बारीक टॉर्च कागद गुंडाळून नळीच्या तोंडात बसवा. संध्याकाळी दिवा मालवून भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेषेवरून उजेडाचा ठिपका सावकाश फिरवा आणि फिरवता फिरवताच बंदूक गालाला लावा. ठिपका रेषेवरून उडी मारतो तिथे तुमचा मागचा हात पुढच्या हाताआधी हललेला असतो. रोज दहा मिनिटं पुरे, हात थकल्यावर चुकीचीच सवय लागते. टॉर्च काढायला विसरू नका, आणि बंदूक कपाटात ठेवण्याआधी नळीतून एकदा आरपार पाहा.